ओठांवर न बसणारा शब्द

काचेपलीकडून ठमीनं वाक्य म्हटलं आणि ताईला क्यू देता आला नाही. झालं ते एवढंच. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. पडद्यावर कार्टूनमधली छत्रीवाली शाळेच्या गच्चीत उताणी पडली होती, तिच्या छातीवर मेलेला आचारी मांडी ठोकून बसला होता, खालच्या पट्टीत आकडे पळत होते, रेकॉर्डिस्टचं बोट बटणावर होतं, आणि हेडफोनमधून, अगदी कानाच्या आत, भाचीचा आवाज आला होता: ‘छातीवर काहीतरी बसलंय. उठत नाहीये. ये ना.’ यावर ताईनं आपल्यापुढच्या माइकमध्ये पडद्यावरच्या भित्र्या पोराच्या आवाजात म्हणायचं होतं, ‘थांब, हलू नकोस. आलोच मी.’ पाच शब्द. ते आज रेकॉर्डसुद्धा व्हायचे नव्हते. भित्र्याची वाक्यं ताई नंतर, एकटी आत उभी राहून म्हणणार होती. आत्ता फक्त ठमीला समोर कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून द्यायचे. ताईनं तोंड उघडलं. रेकॉर्डिस्टनं तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘ताई, क्यू.’ मग वळून बघितलं आणि म्हणाला, ‘काय झालं?’ ‘काही नाही, ठसका लागला,’ ती म्हणाली, आणि ठसका लागलेला नसताना दोनदा खोकलीसुद्धा. वीस वर्षं आवाज विकून जगलेल्या बाईला खोटं खोकणं काही जड नाही.

ताई म्हणजे या स्टुडिओत सगळ्यांचीच ताई. पंचेचाळिशी उलटून गेलेली, जिना उतरताना गुडघे कुरकुरणारे, आणि पोट भरायचं साधन काय, तर सोळा वर्षांच्या पोराचा आवाज. पोरांचे आवाज ऐन मोक्याला फुटतात, बायकांचे फुटत नाहीत, म्हणून या धंद्यात पोरं बायकाच बोलतात. त्यात निर्मात्याचा हात आखडता, म्हणून डबिंगचं दिग्दर्शनही तिच्याच गळ्यात. आणि मालिका तरी कसली! जपानी कार्टून, म्हणजे अ‍ॅनिमे. एक शाळा, तिथं मेलेली माणसं परीक्षा पास झाल्याखेरीज सुटत नाहीत, वर्षानुवर्षं मागच्या बाकांवर बसून असतात. एक मुलगी त्यांना छत्रीनं बडवून वर्गाबाहेर काढते. तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा भूत दिसलं की धाडकन बेशुद्ध पडतो, आणि बेशुद्ध पडला की त्याच्या अंगात दहा जणांचं बळ येतं, असा सगळा उफराटा कारभार. दोघांची मूळ नावं उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून स्टुडिओत त्यांना छत्रीवाली आणि भित्रा हीच नावं पडली. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे हे शाळेतल्या झाडून सगळ्या भुतांना ठाऊक, फक्त त्या दोघांना नाही. दर भागात भित्रा सांगायला तोंड उघडतो आणि फळ्यामागून गणिताचा मेलेला मास्तर बाहेर येतो. आठव्या भागात हा कॅन्टीनचा आचारी. मेल्यावरही वजन न उतरलेला. ताटात टाकून उठणाऱ्याच्या छातीवर बसायचं हा त्याचा खाक्या. लोकांनी आधी खो खो हसायचं, मग भित्रा सात मजले धावत चढतो तेव्हा हळूहळू हसणं थांबायचं, अशी त्या प्रसंगाची बांधणी होती. चांगली होती. ताईला पहिल्यांदा वाचतानाच आवडली होती.

छत्रीवाली धाकटी बोलायची. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान, ठमीची आई. सात भाग दोघी एकमेकींशी भांडल्या, झुंजल्या, लाजल्या, रुसल्या, आणि एकदाही समोरासमोर उभ्या राहिल्या नाहीत; कारण आतल्या खोलीत माइक एकच, आणि ज्याची वाक्यं त्यानं एकट्यानं म्हणायची. म्हणून तालीम फोनवर चालायची. त्याचाही धाकटीनं खेळ केला होता. फोन आला की हॅलो नाही, ताई नाही, काही नाही, थेट वाक्य. समोरचीनं एका श्वासात पुढचं वाक्य द्यायचं, पात्राच्या आवाजात, जिथं असेल तिथं. जिनं ‘कोण बोलतंय’ किंवा ‘अगं थांब’ म्हटलं ती हरली, पुढच्या वेळचा चहा तिच्याकडून. एकदा ताई बँकेत रांगेत उभी असताना धाकटीचा फोन आला होता, आणि काउंटरवरच्या माणसाच्या तोंडावर ताई पोरसवदा आवाजात ओरडली होती, ‘माझ्यामागे उभी राहा, हा मेलेला आहे!’ तो बिचारा पासबुक हातात धरून तसाच. त्यावर दोघी महिनाभर हसल्या. धाकटीला हसता हसता धाप लागायची. अलीकडे जिना चढतानाही लागायची, वाक्याच्या मधेच तिला श्वास कमी पडायचा, आणि ताई काचेच्या अलीकडून टॉकबॅकवर म्हणायची, ‘धाप येतेय माइकवर. दम खा आणि मग बोल.’ धाकटी दम खायची. जे श्वास तरीही राहायचे ते रेकॉर्डिस्ट मागाहून कापून टाकायचा. सात भागांतून किती कापले असतील कुणास ठाऊक. आता ताईला कधीकधी वाटायचं की त्या कापलेल्या श्वासांची एक वेगळी फाइल असती, तर कुठल्याही डॉक्टरनं ती ऐकून सांगितलं असतं की हिला घेऊन या.

तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून गेलेले. ताई स्टुडिओच्या बोळात पाण्याच्या पिंपाशी उभी होती, हातात आठव्या भागाची संहिता, त्याच सकाळी दोघींना पाठवलेली. फोन वाजला. ‘छातीवर काहीतरी बसलंय,’ धाकटी म्हणाली. ‘उठत नाहीये. ये ना.’ आणि ताईला काय आनंद झाला! हो, आनंदच झाला, हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. सकाळी हाती पडलेली संहिता आणि दुपारी हिची पाठ, आणि किती छान म्हणतेय, कुठं जोर नाही, अभिनय नाही, आवाज असा तळातून ओढून काढल्यासारखा. ताईनं क्षणाचाही उशीर लावला नाही. भित्र्याच्या आवाजात म्हणाली, ‘थांब, हलू नकोस. आलोच मी.’ पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग धाकटी म्हणाली, ‘लवकर ये.’ ताईला हसू आलं. ‘उत्तम. आता ठेव, माझा टेक आहे,’ असं ती आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली आणि फोन बंद केला. मग संहितेत बघितलं. ‘लवकर ये’ संहितेत नव्हतं. पडद्यावर छत्रीवालीचं तोंड ‘ये ना’ला मिटतं, त्यापुढे एक अक्षर बसायला जागा नाही. ताईनं कानामागची पेन्सिल काढून समासात लिहिलं: ‘लवकर नको. ओठांवर बसत नाही.’ उद्या तिला सांगू म्हणाली. आणि आत जाऊन तिनं दुसऱ्याच कुठल्या मालिकेतल्या एका उंदराची अकरा वाक्यं म्हटली, एकाही रीटेकशिवाय.

धाकटी संध्याकाळी सहाला सापडली, तिच्या नवऱ्याला, पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, तीन-साडेतीनच्या सुमाराला सुरू झालं असावं, आणि तेव्हाच कुणी आणलं असतं तर. तेवढंच म्हणून थांबले. ‘तर’च्या पुढे काय ते डॉक्टर सांगत नाहीत. इस्पितळाच्या पॅसेजमध्ये मेहुणा धाकटीचा फोन हातात घेऊन आला. साधा माणूस, वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस, बोलण्यातही काट्यावर ठेवल्यासारखं मोजून बोलायचा. ‘ताई, तिनं तुम्हाला तीन तेराला फोन केला होता,’ तो म्हणाला. ‘सत्तेचाळीस सेकंद. त्यानंतर कुणालाच नाही. मला नाही, शेजारी नाही. तुम्हाला काय म्हणाली?’ त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. असता तर ताई कदाचित खरं बोलली असती. त्याला नुसतं हवं होतं, बायकोचं शेवटचं काहीतरी, मिळेल ते. ‘उद्याच्या रेकॉर्डिंगची वेळ विचारत होती,’ ताई म्हणाली. ‘बरं वाटत नाही असं काही?’ ‘नाही हो. चांगली बोलली.’ सत्तेचाळीस सेकंदांत वेळ विचारून होते आणि आणखी पस्तीस सेकंद उरतात, हे त्या मोजमाप करणाऱ्या माणसाच्या लक्षात कसं आलं नाही याचं ताईला नंतर नवल वाटत राहिलं. आलंही असेल. दुःखात माणूस हिशेब सोडून देतो.

एक खोटं बोलायला तोंड लागतं, मग ते आपल्या पायांनी चालतं. भेटायला येणाऱ्यांना मेहुणा सांगू लागला, शेवटी तिच्या मनात कामच होतं. आत्या म्हणाल्या, किती जीव होता हो कामावर. निर्मात्यानं शोक म्हणून दोन ओळी पाठवल्या, त्यांतही तेच. आणि ताई सगळ्यांच्या मधोमध मान खाली घालून बसायची आणि लोक म्हणायचे, हिला जास्त लागलंय, पाठच्या बहिणीचं दुःख वाईट. रात्री ती अंथरुणावर पडायची, दिवसा बसमध्ये बसायची, भाजी निवडायची, आणि डोक्यात तेच सत्तेचाळीस सेकंद. सुरुवातीला ती स्वतःशी वाद घालायची. संहिता आलेलीच होती की. खेळ तिनंच काढलेला. हॅलो म्हणायचं नाही हा तिचाच नियम. ‘ताई’ एवढं म्हणाली असती तर, नुसती हाक मारली असती तर. पण जिला बोलायला श्वास पुरत नाही ती कमीत कमी शब्दांत जे सांगायचं ते सांगणार, आणि ते शब्द सकाळी वाचलेलेच असले तर तेच तोंडात येणार, यात तिची काय चूक? आणि मग ‘लवकर ये’. इथं वाद संपायचा. तो शब्द धाकटीनं कुठंही वाचलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. वीस वर्षं ताई माणसांचे आवाज ऐकून खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते सांगायची, नवीन पोरींना शिकवायची, आणि जगातला एकच खरा आवाज कानाशी आला तेव्हा तिनं बघितलं काय, तर तोंड कुठं मिटतं.

महिन्यानं ठमी स्वतःहून स्टुडिओत आली. सोळा वर्षांची, शाळेच्या गणवेशातच, पाठीवर दप्तर. म्हणाली, ‘मावशी, छत्रीवाली मी बोलते.’ ताईनं टाळायचा खूप प्रयत्न केला. परीक्षा तोंडावर आलीय, तुझे बाबा काय म्हणतील, हे वाटतं तितकं सोपं नाही. ठमी म्हणाली, ‘आईनं शेवटचं जे विचारलं ते या कामाचं विचारलं ना? मग ते अर्धं कशाला राहायचं?’ ताईनं दार उघडून तिला आत सोडलं. रेकॉर्डिस्टनं आवाज चाचणी घेतली आणि हेडफोन काढून डोळे पुसले. आवाज तंतोतंत आईचा नव्हता, पण वाक्याचं शेवटचं अक्षर ओठांतच ठेवायची खोड तीच. निर्माता खूश, मेहुणा खूश. त्यालाही घरात काहीतरी घडतंय असं वाटलं असावं. नाखूश कोण, तर ज्या बाईच्या खोट्यापायी हे सगळं उभं राहिलं ती. पोरगी शाळा सुटली की येऊन जुन्या सात भागांवर सराव करायची, मावशीच्या डब्यातलं खायची, बसमध्ये मावशीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. ‘आईसारखा वास येतो तुझ्या साडीला,’ एकदा म्हणाली. खरं सांगितलं की हे डोकं खांद्यावरून उचललं जाणार, एवढं ताईला स्वच्छ दिसत होतं. आणि न सांगितलं तर ही मुलगी एका खोट्या वाक्यासाठी आपले दिवस घालवत राहणार, हेही दिसत होतं. रोज उद्यावर ढकलायचं. आणि आज आठवा भाग काढला होता.

ताई पाणी प्यायली. ‘घ्या परत,’ म्हणाली. दुसऱ्या वेळी ठमीनं वाक्य आणखी चांगलं म्हटलं. पहिल्या वेळी तिनं ‘ये ना’वर लाडिक हेल काढला होता, तो आता गेला होता. संहिता ताईच्या पुढ्यातच होती, तीच प्रत, समासातली पेन्सिल तशीच. रेकॉर्डिस्टनं मान हलवून खूण केली. ताईनं भित्र्याचा आवाज गळ्यात आणला, तो आला, आणि आल्यावर तिला कळलं की हा आवाज तिनं मंगळवारनंतर एकदाही काढलेला नाही. ‘थांब,’ एवढं म्हटलं. पुढचं आलंच नाही. आत, काचेपलीकडे, ठमी वाट बघत होती. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरलेला, चेहरा वर केलेला, समोरून उत्तर येणार याची पक्की खात्री असलेला. आपण फोन बंद केला तेव्हा तिकडं धाकटीचा चेहरा असाच असेल हे ताईच्या मनात आलं, आणि तिनं रेकॉर्डिस्टला सांगितलं, ‘दहा मिनिटं थांबू या.’

ठमी बाहेर आली. दोघी बोळात बाकावर बसल्या. ‘मी चुकतेय का?’ ठमीनं विचारलं. ‘हसवायचं आहे ना ते? मला हसवायला जमत नाहीये.’

‘तू चुकत नाहीयेस.’

‘मग तू क्यू का देत नाहीस? दोनदा झालं.’

ताईला वाटलं, आता जर ठसका म्हटलं तर आयुष्यभर ठसकाच म्हणावं लागेल. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, ‘तुझ्या आईनं त्या दिवशी मला वेळ विचारली नव्हती.’ आणि मग सांगत गेली. खेळ ठमीला माहीतच होता; घरी आई एकदम छत्रीवालीच्या आवाजात कुणाशी बोलते हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. ‘फोन आला, हे वाक्य म्हणाली. हेच, तू आत्ता म्हटलंस ते. मला वाटलं तालीम.’ आवाज कोरडा, सपाट, स्वतःलाच परका वाटणारा. ‘मी पुढचं वाक्य दिलं आणि फोन ठेवला. माझा टेक होता. तिला खरंच होत होतं ठमे, आणि मी पुढचं वाक्य दिलं.’

ठमी मावशीपासून दूर सरकली नाही, जवळही आली नाही. बोळाच्या टोकाला कुणीतरी बादली सरकवत होतं. ताई तयार होऊन बसली होती. शिव्या दे, मार, उठून जा. इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते एकदाचं होऊन जाऊ दे असं तिला झालं होतं.

‘काय म्हणालीस तू तिला?’ ठमीनं विचारलं. ‘नेमकं.’

‘थांब, हलू नकोस. आलोच मी.’

‘भित्र्याच्या आवाजात?’

‘हो.’

ठमी आपल्या बुटांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘आमचं दार उघडं होतं.’

‘कुठलं दार?’

‘घराचं. बाबा आले तेव्हा. त्यांनी किल्ली लावली तर दार नुसतं लोटलेलं. आई एकटी असली की आतून कडी लावायची, दिवसासुद्धा, तुला माहितीये. बाबांना वाटतं कुणीतरी आत आलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण कुलूप बदललं. मग परत बदललं. अजून उठून बघतात.’ ती थांबली. ‘खुर्ची पण दाराजवळ ओढलेली होती. ती नेहमी खिडकीत असते. तिनंच उघडलं होतं, मावशी. तुला आत येता यावं म्हणून.’

ताईच्या तोंडून आवाज आला, तो कुणाचाच नव्हता, ना पोराचा ना बाईचा. तिनं पदर तोंडात धरला. कडी काढायला उठली असेल. हलू नकोस म्हटलं होतं तरी उठली असेल, भिंतीला धरून, मग खुर्ची ओढली असेल, श्वास नसताना. दुसऱ्या कुणाला फोन कशाला करेल? ताई निघाली आहे ना.

‘म्हणजे तिला वाटत होतं तू येतेयस,’ ठमी म्हणाली.

‘हो.’

‘शेवटपर्यंत वाटत होतं.’

‘हो गं.’

ठमीनं मान वर करून मावशीकडे बघितलं. डोळे कोरडे होते, पण प्रश्न विचारताना तिचा आवाज चार-पाच वर्षांच्या मुलीसारखा बारीक झाला. ‘मग ती घाबरली नसेल ना फार? कुणीतरी येणार आहे असं माहीत असलं की माणूस एवढं घाबरत नाही. तुला तर आवाजातलं सगळं कळतं. घाबरलेली होती का ती?’

ताईनं फोनवरचं सगळं सांगितलं होतं, एक शब्द सोडून. तो तिनं मुद्दाम ठेवला नव्हता. सांगता सांगता मागे राहिला होता. आता तो तिच्या तोंडात होता. त्या शब्दात किती भीती होती हे जगात फक्त तिला माहीत होतं, कारण तो ऐकणारी ती एकटीच होती. आज खरं बोलायचं ठरवूनच ती या बाकावर बसली होती. तिनं ठमीचा हात आपल्या हातात घेतला.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘शांत होती. ये ना म्हणाली, बाकी काही नाही.’

ठमीनं दोनदा मान हलवली आणि मग मावशीच्या मांडीत तोंड खुपसून, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं रडायला लागली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं रेकॉर्डिस्टनं दारातून डोकावून विचारलं, ‘ताई, घ्यायचं का?’ तिनं हातानंच नाही म्हणून सांगितलं. आज मेहुण्याच्या घरी जायचं होतं, त्याला दाराचं सांगायचं होतं, म्हणजे तो निदान झोपेल. त्यालाही ती हेच सांगणार होती, इथपर्यंतच. उरलेलं ‘लवकर ये’ तिचं एकटीचं होतं, आणि ते तिला रोज ऐकू येणार होतं.